शेजारच्या काकांची सॉर्बिट्रेट

प्रश्न : आई ५८ वर्षांची आहे. दोन वर्षांपासून तिला पल्मनरी हायपरटेन्शन, म्हणजे फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांत वाढलेला दाब आहे; त्यासाठी रोज तीन वेळा सिल्डेनाफिलची गोळी चालू आहे. आम्ही लालबागला चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. परवा भाजीची पिशवी घेऊन चढताना दुसऱ्या मजल्यावरच तिच्या छातीत दाटून आलं. शेजारच्या काकांनी त्यांची सॉर्बिट्रेट (छातीत दुखल्यावर घ्यायची हृदयाची गोळी) जिभेखाली ठेवायला दिली, पण आईने घेतली नाही. जिन्यावर बसल्यावर पाचेक मिनिटांत दुखणं थांबलं. दोन वर्षांपूर्वीच्या अँजिओग्राफीत ब्लॉकेज नव्हतं. मग दुखतं कशाने?
– एक वाचक, लालबाग

उत्तर : ताई, आईने ती गोळी नाकारली, हे फार बरं केलं. सिल्डेनाफिलवर सॉर्बिट्रेट पडली की रक्तदाब एकदम कोसळतो, जीवही जाऊ शकतो. त्याच गटातली टॅडालाफिल घेणाऱ्यांनाही हेच लागू. आपल्याकडे सॉर्बिट्रेट डब्यात जेलुसिलच्या शेजारी असते, म्हणून सगळ्यांत आधी हे सांगतोय.

आता दुखण्याचं. फुप्फुसाच्या रोहिणीतला सरासरी दाब निरोगी माणसात १४ मिमी (पारा) च्या आसपास असतो. २० च्या वर गेला की हा आजार. एवढ्या कमी दाबाची सवय असलेला हृदयाचा उजवा कप्पा पातळ भिंतीचा असतो. दाब वाढला की तो जाड होतो, मग फुगतो. त्याला रक्त जास्त लागतं, पण आतल्या दाबामुळे मिळतं कमी. जिना चढताना ही ओढाताण छातीत जाणवते, हृदयाच्या रक्तनळ्या स्वच्छ असल्या तरी.

दुसरं कारण सहज निसटतं. फुगलेली फुप्फुसाची रोहिणी कधीकधी शेजारच्या डाव्या मुख्य कॉरोनरीला, म्हणजे हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नळीला, बाहेरून दाबते. दोन वर्षांपूर्वी नसलेला हा दाब आज असू शकतो. म्हणून याच आठवड्यात डॉक्टरांना भेटा, टू-डी इको करून घ्या आणि सीटी अँजिओ लागेल का, हे स्वतःहून विचारा. नळी दाबली गेल्याचं आढळलंच तर स्टेंट घालून ती मोकळी करता येते. पायावर सूज, पोट फुगणं असेल तर तेही सांगा. सिल्डेनाफिल मात्र मनाने बंद करू नका.

बसल्या जागी दुखलं, घेरी आली किंवा धडधड थांबेना, तर थेट १०८. अशा वेळी गोळ्यांचा कागद शोधत बसायला नको. तो आजच दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा, वर लाल पेनाने ‘सॉर्बिट्रेट नको’ लिहा आणि काकांना दाखवून ठेवा. बिचारे मदतीलाच धावले होते.