अंतराळयानातली हवा: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: ग्रँड आयलंडपाशी डायव्हिंगला नेणाऱ्या बोटीवर मी काम करतो. खालून वर येताना घाई केली की रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे होतात, हे आम्ही पर्यटकांना बजावून सांगतो. अंतराळवीर तर थेट निर्वातात बाहेर पडतात. त्यांना बेंड्स, म्हणजे या बुडबुड्यांचा त्रास, होत नाही का? (एक वाचक, वास्को)

उत्तर: होऊ शकतो. तुमच्या पर्यटकांपेक्षा त्यांचा धोका मोठाच आहे. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात हवेचा दाब आपल्या किनाऱ्यावर असतो तेवढाच, म्हणजे 101 किलोपास्कल असतो. अमेरिकी पोशाखात तो सुमारे 30 आणि रशियन ऑर्लान पोशाखात 40. म्हणजे अमेरिकी पोशाखात शिरताना दाब 3.4 पटींनी उतरतो. तुमच्या हिशेबात सांगायचे तर, 24 मीटरवर बराच वेळ राहिलेल्या माणसाने एकही थांबा न घेता वर यावे, एवढे हे प्रमाण भरते.

मग पोशाखात पूर्ण दाब का नाही? कारण तो फुगून ताठ होतो आणि हातमोज्यात बोटे मिटत नाहीत. 18 मार्च 1965 रोजी अलेक्सी लिओनॉव्ह यानाबाहेर पडणारे पहिले मानव ठरले, आणि 12 मिनिटांनी परतताना फुगलेल्या पोशाखामुळे त्यांना एअरलॉकमध्ये, म्हणजे यानातून बाहेर पडण्याच्या दोन दारांच्या कोठडीत, शिरता येईना. शेवटी बेंड्सचा धोका पत्करून त्यांनी स्वतःच पोशाखातली हवा सोडली. पोशाखात शुद्ध ऑक्सिजन असतो, म्हणून 30 किलोपास्कल श्वासाला पुरतात. आपल्या हवेत ऑक्सिजनचा वाटा जेमतेम 21 किलोपास्कलचा आहे.

उपाय असा की नायट्रोजन आधीच शरीराबाहेर काढायचा. स्थानकाच्या दाबावर पोशाखात सुमारे चार तास शुद्ध ऑक्सिजन घ्यायचा, किंवा आदली रात्र स्थानकाच्या ‘क्वेस्ट’ या एअरलॉकमध्ये 70 किलोपास्कलवर काढून सकाळचा वेळ वाचवायचा. सोबत हलका व्यायाम केला तर रक्ताभिसरण वाढून नायट्रोजन लवकर निघतो. मधेच मास्क काढून साधी हवा घेतली तर नायट्रोजन परत शिरतो, आणि जादा वेळ ऑक्सिजन घेऊन ती भरपाई करावी लागते.

मग अख्खे यानच शुद्ध ऑक्सिजनवर ठेवले तर? अपोलोत तेच होते. 27 जानेवारी 1967 रोजी जमिनीवरच्या चाचणीत, वातावरणाहून किंचित जास्त दाबाच्या शुद्ध ऑक्सिजनमध्ये ठिणगी पडली. दार आतल्या बाजूला उघडणारे होते आणि आगीने आतला दाब वाढताच ते उघडणे अशक्य झाले. ग्रिसम, व्हाइट आणि चॅफी हे तिघे अंतराळवीर गेले. त्यानंतर बाहेर उघडणारे दार आले, आणि उड्डाणाच्या वेळी 60 टक्के ऑक्सिजन, 40 टक्के नायट्रोजन भरू लागले.

प्रश्न: अपोलो-13 मध्ये ऑक्सिजन पुरेसा उरला होता असे वाचले. मग गुदमरण्याची वेळ का आली? वर्गात मुलांना नीट सांगायचे आहे. (एक शिक्षिका, फोंडा)

उत्तर: माणसाला दिवसाला साधारण 0.84 किलो ऑक्सिजन लागतो आणि तो जवळपास 1 किलो कार्बन डायॉक्साइड सोडतो. बंद जागेत आधी जिवावर उठतो तो हा दुसरा आकडा. तो शोषायला लिथियम हायड्रॉक्साइडचे डबे वापरत. 44 ग्रॅम कार्बन डायॉक्साइडला 48 ग्रॅम लिथियम हायड्रॉक्साइड लागते, म्हणजे माणशी दिवसाला किमान 1.1 किलो. तेच काम सोडियम हायड्रॉक्साइडला 80 ग्रॅममध्ये जमते, म्हणून वजनाच्या हिशेबात लिथियम जिंकते. मुलांकडून फळ्यावर हे गणित जरूर करून घ्या.

एप्रिल 1970 मध्ये चंद्राकडे जाताना यानातली ऑक्सिजनची टाकी फुटली, तेव्हा तिघा अंतराळवीरांनी चंद्रावर उतरण्यासाठी जोडलेल्या छोट्या यानाचा आसरा घेतला. ते दोघांसाठी, सुमारे दोन दिवसांच्या बेताने केलेले होते आणि त्याचे डबे गोल होते. मुख्य यानात डबे पडून होते, पण चौकोनी. कार्बन डायॉक्साइडचा दाब 15 मिलिमीटर पाऱ्याच्या धोकारेषेकडे चढत गेला. साध्या हवेत तो 0.3 असतो. नासाचे अभियंते एड स्मायली यांच्या चमूने जमिनीवर जोडणी तयार केली आणि तिच्या पायऱ्या रेडिओवरून वाचून दाखवल्या गेल्या. चौकोनी डब्यावर प्लास्टिकची पिशवी चढवायची; हवा ओढली जाताना पिशवी जाळीला चिकटून वाट बंद करेल, म्हणून आत पुठ्ठ्याची कमान ठेवायची; पोशाखाची नळी पिशवीत घालायची; तळाचे भोक कापड कोंबून बुजवायचे; सगळे चिकटपट्टीने हवाबंद करायचे. आकडा भराभर उतरला. मला यातली कमान सर्वांत मोलाची वाटते. ती नसती तर बाकी सगळे बरोबर असूनही हवा वाहिली नसती.

दीर्घ मुक्कामाला हे डबे परवडत नाहीत. स्थानकात झिओलाइट या वायू धरून ठेवणाऱ्या सच्छिद्र खनिजाचे दोन थर आळीपाळीने चालतात: एक शोषतो, तेव्हा दुसरा तापवून निर्वाताला उघडतात. झिओलाइट आधी पाणीच धरते, म्हणून हवा कोरडी करूनच आत सोडतात. त्याची धूळ व्हॉल्व्हमध्ये अडकणे ही तिथली जुनी डोकेदुखी आहे.

प्रश्न: यानात झाडे ठेवून ऑक्सिजन मिळणार नाही का? (एक विद्यार्थी, डिचोली)

उत्तर: चार कुंड्यांनी नाही. त्यापेक्षा विजेने पाण्याचे विघटन केले तर 1 लिटरमधून 0.89 किलो ऑक्सिजन मिळतो, म्हणजे एका माणसाचा एक दिवस निघतो. पंखे मात्र कधी बंद करायचे नाहीत. वजनरहित अवस्थेत गरम हवा वर जात नाही, आणि झोपलेल्या माणसाच्या तोंडाभोवती त्याचाच उच्छ्वास साचतो.

प्रश्न: यान हवाबंदच असते, तर उड्डाण आणि परतीच्या वेळी पोशाख कशाला? (एक वाचक, म्हापसा)

उत्तर: 30 जून 1971 मुळे. सोव्हिएत यान सोयूझ-11 परतताना भाग वेगळे करणारे स्फोटक बोल्ट क्रमाने उडण्याऐवजी एकदम उडाले. त्या धक्क्याने, जमिनीजवळ पॅराशूटवर असताना उघडायचा हवेचा व्हॉल्व्ह 168 किलोमीटर उंचीवरच उघडला. तो हाताने बंद करायला सुमारे मिनिटभर लागतो. शुद्ध त्याच्या किती तरी आधी हरपते. डोब्रोव्होल्स्की, व्होल्कोव्ह आणि पात्सायेव्ह हे तिघे अंतराळवीर गेले. त्यांच्या अंगावर पोशाख नव्हते, कारण तिघांना पोशाखासह बसायला जागाच नव्हती. त्यानंतर एक आसन कमी करून ‘सोकोल’ नावाचे हवाबंद पोशाख सक्तीचे झाले. तिसरे आसन 1980 मध्ये सोयूझ-टी मालिकेत परत आले, म्हणून 3 एप्रिल 1984 रोजी राकेश शर्मा सोयूझ टी-11 मधून तिघांत गेले, तेही सोकोल घालूनच. आजही उड्डाणाआधी प्रत्येकाचा पोशाख फुगवून गळती तपासली जाते.