घाबरू नकोस, पण हे मात्र अंगावर काढू नकोस

मित्रा, एक वृषण दुसऱ्यापेक्षा खाली लोंबतं, बहुतेकांचं डावं. तो दोष नाही. झोपेत वीर्य जाणं हाही आजार नाही, त्यानं कमजोरी येत नाही की हाडं झिजत नाहीत. शिश्नाच्या टोकाच्या कडेनं ओळीत दिसणारे बारीक, गुळगुळीत, पांढरट दाणे अनेकांना असतात. ते संसर्गाचे नसतात, खरवडू तर अजिबात नकोस. लिंगाला किंचित बाक असणं, थकव्यात किंवा ताणात एखाद्या रात्री ताठरता न येणं, हेही चालायचंच. रेल्वेलाइनच्या भिंतींवर रंगवलेल्या 'गुप्तरोग' जाहिराती याच भीतीवर पैसा कमावतात, म्हणून फार चीड येते.

आता थांबायचं नाही ते सांगतो. वृषणात अचानक असह्य कळ आली, सोबत मळमळ असली, तर त्याच क्षणी इस्पितळ गाठ, मध्यरात्र असली तरी. वृषणाला पीळ पडला असेल तर साधारण 6 तासांत शस्त्रक्रिया व्हावी लागते, नाहीतर ते वृषण गमवावं लागू शकतं. वृषणात न दुखणारी गाठ हाताला लागली तर त्याच आठवड्यात युरॉलॉजिस्टला (मूत्रमार्ग आणि पुरुष जननेंद्रियांच्या डॉक्टरला) दाखव. वृषणाचा कर्करोग तरुणांतच जास्त आढळतो. लिंगावर जखम, पू, लघवीला जळजळ यांसाठी सरकारी रुग्णालयातलं सुरक्षा क्लिनिक, म्हणजे लैंगिक आजारांचा दवाखाना आहे. जखम आपोआप भरली तरी जाच, सिफिलिस या लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या रोगाची पहिली जखम अशीच भरते आणि रोग आत राहतो. ताठरतेची अडचण तीनेक महिने टिकली तर साखर आणि रक्तदाब तपासून घे.