अमेरिकेत कंप्युटर सायन्स शिकणाऱ्या मुलीला इतिहास, सरकार, कला हे विषय कशाला? ते टाळता येतात का?

टाळता येत नाहीत. पण तुम्ही जेवढे मोजताय तेवढे ते नसतात, आणि त्यातले काही टाळूही नयेत.

तुम्ही लिहिलंय की मुलीला टेक्सासमधल्या एका सरकारी विद्यापीठात कंप्युटर सायन्सला प्रवेश मिळालाय. पदवीच्या १२० क्रेडिटपैकी (क्रेडिट म्हणजे विषयाचं वजन मोजायचं एकक) ४२ 'कोअर'ची, म्हणजे कुठल्याही शाखेच्या मुलांना सक्तीच्या सामान्य विषयांची आहेत आणि एक तृतीयांश फी 'नको त्या विषयांवर' का घालवायची, हा तुमचा प्रश्न. मी याच राज्यातल्या एका विद्यापीठात ॲडव्हायझर आहे. पदवीच्या मुलांना विषय निवडायला आणि नोंदणी करायला मदत करणं हेच माझं काम. ऑगस्टमध्ये भारतातून मुलांना सोडायला आलेले आईवडील हटकून हेच विचारतात, बहुतेकदा मुलांना जरा बाहेर थांबायला सांगून.

आधी हिशेब मांडू. ४२ क्रेडिट साधारण अशी फुटतात: इंग्रजी लेखन-संवाद ६, गणित ३, विज्ञान ६, भाषा-तत्त्वज्ञान-संस्कृती ३, कला ३, अमेरिकेचा इतिहास ६, सरकार ६, सामाजिक शास्त्र ३, आणि विद्यापीठाच्या मर्जीची ६. आता कंप्युटर सायन्सवाल्याला कॅल्क्युलस आणि फिजिक्स तसंही करावंच लागतं. तेच गणित-विज्ञानाच्या खात्यात धरलं जातं, म्हणजे ९ क्रेडिट तिथेच गेली. उरली ३३, म्हणजे तीन-तीन क्रेडिटचे अकरा विषय. आठ सेमिस्टरमध्ये वाटले तर एकावेळी एखाद-दुसरा. शेवटच्या ६ पैकीही काही वेळा जास्तीच्या गणितात किंवा लॅबमध्ये भागतं. ते विद्यापीठागणिक बदलतं. ऑस्टिनच्या युनिव्हर्सिटी ऑफ टेक्साससारख्या ठिकाणी मात्र त्यातली ३ पहिल्या वर्षाच्या 'सिग्नेचर कोर्स'ला जातात.

इतिहास आणि सरकार या बारा क्रेडिटवर घासाघीस करण्यात अर्थ नाही. ती विद्यापीठाने घातलेली नाहीत, राज्याच्या कायद्यात आहेत. टेक्सास एज्युकेशन कोडचं कलम ५१.३०१ सरकारसाठी आणि ५१.३०२ इतिहासासाठी. सरकारी अनुदान घेणारं कॉलेज ही प्रत्येकी ६ क्रेडिट झाल्याशिवाय पदवी देऊच शकत नाही. मुलगी परदेशी असो वा ह्यूस्टनमध्ये जन्मलेली, नियम एकच. इतिहासातली ३ टेक्सासच्या इतिहासाची चालतात.

'सरकार'चे दोन विषय असतात, एक देशाचा आणि एक टेक्सासचा. भारतीय मुलं दुसऱ्याला नाकं मुरडून बसतात आणि मग त्याच वर्गाबद्दल सर्वांत जास्त बोलतात. कारण इथली रचनाच चमत्कारिक आहे. राज्यघटना १८७६ची, त्यात पाचशेहून जास्त दुरुस्त्या. विधिमंडळाचं नियमित अधिवेशन फक्त विषम वर्षांत, तेही जास्तीत जास्त १४० दिवस. सर्वोच्च न्यायालयं दोन, दिवाणीसाठी एक आणि फौजदारीसाठी दुसरं. आणि न्यायाधीश पक्षाच्या तिकिटावर निवडून येतात! आपल्याकडे नागरिकशास्त्र मार्कांपुरतं घोकलेल्या मुलाला हे ऐकून पहिल्यांदा प्रश्न पडतो की मग आपल्याकडे न्यायाधीश नेमतं कोण.

लेखनाच्या सहा क्रेडिटवर मात्र मी जरा जास्त बोलणार आहे. पालक सर्वांत आधी हाच विषय उडवू बघतात: 'ती इंग्लिश मीडियमची आहे, टोफेलला उत्तम मार्क आहेत, तिला हे कशाला?' टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेने प्रवेश मिळतो, या विषयातून सुटका सहसा मिळत नाही, आणि ते बरंच आहे. या वर्गात निबंध एका बैठकीत लिहून देत नाहीत. आधी विषयाचा प्रस्ताव, मग वाचलेल्या संदर्भांची टिपणं, मग पहिला खर्डा, तो वर्गातल्या दोघा-तिघांनी वाचायचा, मग सुधारून पुन्हा. आपली मुलं पहिला खर्डा 'आजच्या स्पर्धेच्या युगात तंत्रज्ञानाला अनन्यसाधारण महत्त्व आहे' या थाटात सुरू करतात. शिक्षिका समासात दोनच शब्द लिहितात: 'कोण म्हणतं?' पुढच्या ओळीत 'किती?' आणि त्याच्या खाली 'हे तू कुठे वाचलंस?' मी असे कागद घेऊन रडवेल्या चेहऱ्याने आलेली मुलं दरवर्षी बघते. सेमिस्टर संपेपर्यंत त्यांचं लिखाण निम्म्याने आखूड आणि दुप्पट स्पष्ट झालेलं असतं.

दुसरं, गाइडमधलं उत्तर जसंच्या तसं उतरवण्याची आपली सवय इथे महागात पडते. संदर्भ न देता एक परिच्छेद उचलला तरी प्रकरण शिस्तीच्या समितीपर्यंत जाऊ शकतं. हाच नियम पुढे प्रोग्रामिंगच्या असाइनमेंटला लागतो, मैत्रिणीचा कोड 'बघून' लिहिला तरी. हा धडा तीन क्रेडिटच्या निबंधात शिकलेला बरा, तिसऱ्या वर्षीच्या प्रोजेक्टमध्ये नको.

कलेचं म्हणाल तर चित्र काढता यावं लागत नाही. 'आर्ट ॲप्रिसिएशन', 'म्युझिक ॲप्रिसिएशन' किंवा नाटकाची तोंडओळख यांपैकी एक घेतात. ह्यूस्टनच्या बाजूला असाल तर मेनिल कलेक्शन हे संग्रहालय सगळ्यांना फुकट आहे आणि असाइनमेंट बऱ्याचदा अशी असते की एकाच चित्रासमोर उभं राहा आणि अर्थ लावायच्या आधी जे दिसतं ते फक्त लिही. कोडमधला बग शोधणाऱ्याला हे जमायला हवं, पण सुरुवातीला कोणालाच जमत नाही.

आता पैशांचं. क्रेडिट आधीच खिशात असतील तर ती वापरा. ॲडव्हान्स्ड प्लेसमेंटच्या (शाळेत असतानाच द्यायच्या, कॉलेजच्या पातळीच्या) परीक्षेत ३ किंवा जास्त गुण असतील, तर टेक्सासच्या सरकारी विद्यापीठांनी क्रेडिट द्यावं असा कायदा आहे. काही विषयांत त्यांना गुणांची अट वाढवता येते. आयबी या आंतरराष्ट्रीय शालेय अभ्यासक्रमाचा डिप्लोमा असेल आणि कुठल्याही विषयात ४च्या खाली गुण नसतील तर किमान २४ क्रेडिट मिळतात. आपल्या बारावीला मात्र बहुतेक ठिकाणी काहीच मिळत नाही. इथे ती शाळाच धरतात.

दुसरा रस्ता कम्युनिटी कॉलेजचा, म्हणजे पदवीची पहिली दोन वर्षं शिकवणाऱ्या स्थानिक सरकारी कॉलेजचा. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिथे इतिहास किंवा सरकार करून क्रेडिट विद्यापीठात आणणारी पुष्कळ मुलं आहेत. परदेशी विद्यार्थ्याची जादा फी धरूनही ते साधारणपणे स्वस्त पडतं. तिथल्या विषयाचा क्रमांक वाचायला शिका: 'हिस्टरी १३०१'मधला पहिला आकडा वर्षाची पातळी सांगतो, दुसरा क्रेडिट. 'मॅथ २४१३' म्हणजे दुसऱ्या पातळीचा, ४ क्रेडिटचा कॅल्क्युलस. पण फी भरायच्या आधी आपल्या विद्यापीठाच्या ॲडव्हायझरकडून 'हे धरलं जाईल' असं ईमेलवर लिहून घ्या. तोंडी नको. आणि एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर चालू सेमिस्टरला पदवीच्या विद्यार्थ्याला किमान १२ क्रेडिट लागतात, त्यात ऑनलाइन विषय एकच मोजला जातो. त्यामुळे 'सगळं ऑनलाइन स्वस्तात उरकू' हा नातेवाइकांचा सल्ला ऐकू नका. सुट्टीतलं गणित वेगळं असतं. ते इंटरनॅशनल ऑफिसला विचारून करा.

माझं म्हणणं खरं तर याच्या पुढे आहे. भारतीय घरांत ठरलेलंच असतं की ही 'ब्याद' पहिल्या दोन वर्षांत संपवून टाकायची आणि मग निवांत मेजर, म्हणजे आपला मुख्य विषय, करायचा. मी माझ्याकडे येणाऱ्या मुलांना उलटं सांगते. लेखन आणि गणित पहिल्या वर्षी, कारण पुढचे विषय त्यांवर उभे आहेत. बाकीच्यातले तीन-चार कोअर विषय तिसऱ्या-चौथ्या वर्षासाठी राखून ठेवा. अल्गोरिदम, ऑपरेटिंग सिस्टिम्स आणि एक मोठा प्रोजेक्ट एकाच सेमिस्टरला येतात तेव्हा व्हिसासाठी बारा क्रेडिट तर पुरी करावीच लागतात. कोअर सगळा आधीच उरकलेला असेल तर चौथा विषयही कंप्युटरचाच, तितकाच जड घ्यावा लागतो. मग मूल ऑक्टोबरमध्ये विषय सोडायला येतं, आणि व्हिसामुळे बाराच्या खाली सहजी जाता येत नाही. शिवाय टेक्सासच्या सरकारी विद्यापीठांत संपूर्ण पदवीत सहापेक्षा जास्त विषय असे मध्येच सोडता येत नाहीत, हाही कायदाच. त्या सेमिस्टरला संगीताचा एक वर्ग हाताशी असणं ही चैन नाही.

खासगी विद्यापीठात गेली असती तर सुटली असती का? इतिहास-सरकारच्या कायद्यातून, हो. बाकीच्यातून नाही. दक्षिणेकडच्या राज्यांतल्या विद्यापीठांना मान्यता देणारी मुख्य संस्था पदवीसाठी किमान ३० क्रेडिट सामान्य शिक्षणाची मागतेच. एमआयटीसारख्या ठिकाणीसुद्धा मानव्यविद्या, कला आणि समाजशास्त्रांचे आठ विषय सक्तीचे आहेत, वर पोहता येतं का तेही बघतात. याच्या दुसऱ्या टोकाला ब्राउन विद्यापीठ: १९६९पासून तिथे असा सामाईक कोअर नाही. या देशात हा झगडा जुना आहे. हार्वर्डमध्ये चार्ल्स एलियट १८६९ ते १९०९ अध्यक्ष होते, त्यांनी जवळजवळ सगळंच ऐच्छिक करून टाकलं. कोलंबियाने १९१९मध्ये, पहिलं महायुद्ध संपल्यासंपल्या, सगळ्यांसाठी एक सामाईक विषय आणला. आणि १९४५मध्ये हार्वर्डनेच अहवाल काढून पुन्हा सामान्य शिक्षणाची बाजू घेतली.

आणि महाराष्ट्रात हे नाही असं समजू नका. नव्या शैक्षणिक धोरणानंतर तिथेही 'ओपन इलेक्टिव्ह' आपल्या शाखेबाहेरचाच घ्यावा लागतो, शिवाय भारतीय ज्ञानप्रणाली, मूल्यशिक्षण, भाषा यांची क्रेडिट वेगळी. पर्यावरणाचा सक्तीचा विषय तर सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१च्या निकालापासून मागे लागलेला आहे. फरक निवडीत आहे. पुष्कळ कॉलेजांत ओपन इलेक्टिव्ह म्हणजे ज्या शिक्षकाचा वर्कलोड कमी पडतोय त्याचा विषय. इथे एका खान्यात पंधरा-वीस पर्याय असतात, आणि ते मुलीने स्वतः वाचून निवडायचे असतात, तुम्ही नाही.

पहिल्या सेमिस्टरसाठी माझी शिफारस: कॅल्क्युलस, प्रोग्रामिंगची सुरुवात, इंग्रजी लेखन पहिला भाग आणि सरकार किंवा इतिहासातला एक. तेरा-चौदा क्रेडिट होतात. पाचवा विषय घ्यायचा मोह ओरिएंटेशनला सगळ्यांना होतो; तो जानेवारीवर ढकला.