स्त्रीवादी लेखनातला लेखिकेचा सूर कसा ओळखायचा?

स्त्रीवादी लेख वाचल्यावर 'लेखिकेचा सूर कोणता?' या प्रश्नाला आपल्याकडून दर वेळी 'संतप्त' एवढंच लिहिलं जातं, असं तुम्ही म्हणता. मी साहित्य शिकवते, त्यामुळे हे उत्तर माझ्या चांगलंच ओळखीचं आहे. विशेषण शोधण्याआधी लेखिका कोणाशी बोलते आहे ते शोधा, असं मी सुचवेन. विषय तोच असला तरी समोरचा माणूस बदलला की सूर बदलतो.

एकाच दशकातली दोन पुस्तकं घ्या. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला बालहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली (ती पुढे कमी झाली) आणि वर्तमानपत्रांतून एकूण बायकांच्या जातीलाच दूषणं देणं सुरू झालं. त्यावर ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिली. त्या थेट पुरुषांना समोर उभं करतात. प्रश्नामागून प्रश्न, बोलीतले टोमणे, बायकांवर लादलेला एकेक दुर्गुण उचलून पुरुषांच्याच पदरात टाकणं. याला नुसतं 'संतप्त' म्हटलं की त्यातला उपहास हातचा जातो, आणि त्या विधवेबद्दलची कळकळही.

पंडिता रमाबाईंचं 'द हाय-कास्ट हिंदू वुमन' १८८७ मध्ये अमेरिकेत छापलं गेलं. तिथल्या वाचकांकडून विधवांच्या शाळेसाठी मदत हवी होती. म्हणून मनुस्मृतीतली वचनं, जनगणनेचे आकडे, बालविवाह आणि वैधव्याची एकामागून एक मांडणी, आणि शेवटच्या प्रकरणात उघड आवाहन. सूर संयत आहे, पुराव्यावर भर देणारा आहे. पण म्हणून रमाबाईंना राग कमी होता असं कोणी म्हटलं, तर मला ते मुळीच पटत नाही. परक्या देशातल्या, मदत करू शकणाऱ्या वाचकाने पुस्तक मिटू नये, याची ती काळजी आहे. भावना आणि सूर यांच्यात हे अंतर असतं, आणि तुमचं उत्तर नेमकं तिथे अडतंय असं मला वाटतं.

मग वाक्यांकडे वळा, विशेषतः क्रियापदांकडे. 'तिचं शिक्षण राहून गेलं', 'तिला शिकू दिलं नाही', 'बापाने तिची शाळा बंद केली'. घटना एकच. पहिल्या वाक्यात कोणीच दोषी नाही, दुसऱ्यात दोषी कोणीतरी आहे पण पडद्याआड, तिसऱ्यात तो नावानिशी समोर आहे. लेखिका पानभर पहिल्या पद्धतीने लिहीत असेल आणि एकदम तिसऱ्यावर आली, तर ती जागा अधोरेखित करा. सूर तिथे वळला आहे. लांब लेखात शेवटपर्यंत एकच सूर क्वचितच असतो.

शांत लेखन जास्त फसवतं. इंग्रज लेखिका व्हर्जिनिया वुल्फचं 'अ रूम ऑफ वन्स ओन' (१९२९) वाचताना वाटतं, बाई सहज गप्पा मारत फिरते आहे. विद्यापीठातल्या हिरवळीवरून तिला हटकलं जातं, ग्रंथालयाच्या दारातून परत पाठवलं जातं, आणि हे सगळं ती जवळजवळ सौजन्यानेच सांगते. पुढे स्त्रियांबद्दल पुरुषांनी लिहिलेले ग्रंथ वाचता वाचता तिच्या हातून एका चिडलेल्या प्राध्यापकाचं चित्र निघतं, आणि राग नेमका कोणाचा, हा प्रश्न ती स्वतःच उपस्थित करते. इथे सौजन्य हीच टीकेची पद्धत आहे. घटना अपमानाची आणि शब्द मवाळ, असं दिसलं की उपरोधाची शक्यता तपासून पाहा.

कथा-कवितेत आणखी एक खबरदारी घ्या. 'मी' म्हणणारी बाई म्हणजे लेखिका नव्हे. कथेतली 'मी' सोसणं हेच पुण्य मानत असेल आणि लेखिका तो समज आतून उसवत असेल. तेव्हा दोघींचे सूर वेगवेगळे नोंदवावे लागतात.

म्हणजे ताराबाईंबद्दल उत्तर लिहिताना 'लेखिकेचा सूर संतप्त आहे' याऐवजी 'स्त्रियांना दोष देणाऱ्या पुरुषांबद्दल उपहासाचा, त्या विधवेबद्दल कळवळ्याचा' असं लिहा आणि दोन्हींसाठी लेखातलं एकेक वाक्य उद्धृत करा. वाक्य सापडत नसेल, तर ते विशेषण खोडा.