बेडूक कोणत्या ऋतूतला?

प्रश्न : हायकूत, म्हणजे तीन ओळींच्या जपानी धाटणीच्या छोट्या कवितेत, सतरा अक्षरे मोजावीच लागतात का? शिवाय मित्रांना हायकू दाखवले की नुसते ‘छान, छान’ ऐकू येते; त्यावर काही उपाय आहे का?

उत्तर : तीन ओळींतली पाच-सात-पाच ही सतराची मोजणी जपानी उच्चारखंडांची आहे, आपल्या अक्षरांची नव्हे. ‘निप्पोन’ हा शब्द आपण तीन अक्षरांत लिहितो, पण जपानी कानाला त्यात चार खंड ऐकू येतात. कवयित्री शिरीष पै यांनी मराठीत रुजवलेला हायकूही तीन ओळींवर आणि क्षणाच्या नेमकेपणावर उभा आहे, म्हणून बोटे मोजत बसू नका. जपायचा तो ऋतुसूचक शब्द. जपानी ऋतुकोशांत हे शब्द ऋतुवार लावलेले असतात. तिथे नुसते ‘चंद्र’ म्हटले तरी शरद ऋतू समजला जातो. जपानी कवी बाशोच्या प्रसिद्ध हायकूत जुन्या तळ्यात उडी घेणारा बेडूक वसंतातला आहे, आपला मात्र मृगाच्या सरींनंतर ओरडू लागतो. तेव्हा ऋतू उसना न घेता आपल्या अंगणातलाच घ्यावा.

दुसऱ्या अडचणीवर जपानी ‘कुकाई’ची, म्हणजे हायकू लिहिणाऱ्यांच्या बैठकीची, रीत मला फार आवडते. प्रत्येकाने आपल्या रचना निनावी द्यायच्या, त्या एकत्र करून वेगळ्या हस्ताक्षरात उतरवायच्या, सर्वांनी आवडत्या निवडून कारण सांगायचे आणि नाव शेवटी उघड करायचे. चार मित्र पुरतात, पण आपला हायकू कोणीच निवडला नाही तरी चेहरा कोरा ठेवणे जमले पाहिजे.