टेबलावर नेपोलियनच्या लढाया खेळतात, त्या बुद्धिबळापेक्षा वेगळ्या कशा? चौघांना सुरुवात करायची तर काय लागतं?

बुद्धिबळातला घोडा तुम्ही ठेवाल तिथे मुकाट बसतो, आमचा बसत नाही. माझ्या मते खरा फरक एवढाच.

मी नॉटिंगहॅमला राहतो. महिन्यातून एका रविवारी आम्ही चौघं मित्राच्या गॅरेजमध्ये सहा बाय चार फुटांच्या टेबलाभोवती जमतो. गेल्या वेळी वॉटर्लू खेळलो. सगळी लढाई एका दिवसात आटपत नाही, म्हणून १८ जून १८१५ च्या दुपारचा देर्लाँच्या फ्रेंच पायदळाचा हल्ला तेवढा घेतला. फ्रेंच टेकाड चढून येतायत, माथ्यामागे ब्रिटिश सेनापती पिक्टनचं पायदळ आणि त्याच्या मागे माझं इंग्रज जड घोडदळ.

हुकूम द्यायचा म्हणजे दोन फासे टाकायचे. सेनापतीचा आकडा समजा ८. बेरीज त्याहून जास्त आली की ब्रिगेड, म्हणजे काही बटालियनची मोठी तुकडी, जागची हलत नाही (निरोप्या वाटेत पडला असं समजायचं). दोन्ही फाशांवर ६ आले तर ती भलतीकडेच निघते. माझा पहिला हुकूम वाया गेला. दुसऱ्यांदा घोडदळ सुटलं, दोन फ्रेंच बटालियन उधळल्या आणि मी नाचून घेतलं. पण आमच्या नियमांत जिंकलेलं घोडदळ आपोआप पाठलाग करतं. ते थेट फ्रेंच तोफांपर्यंत गेलं, घोडे दमले आणि बाजूने मित्राचे भालेवाले स्वार येऊन आदळले. १८१५ मध्येही हेच झालं होतं. हे आधीपासून ठाऊक असूनही मला थांबवता आलं नाही!

बाकी डावपेच असे: घोडदळ दिसलं की पायदळाने चौकोन करायचा, चारी बाजूंना संगिनी, मग घोडे अंगावर येत नाहीत. पण दाटीवाटीने उभा असलेला चौकोन म्हणजे तोफांना मेजवानी.

सुरुवातीलाच सैनिक विकत घेऊ नका. मी घेतले आणि दोन हिवाळे कोटाची बटणं रंगवण्यात घालवले, खेळ शून्य. पुठ्ठ्याचे तुकडे कापून त्यांवर ‘पायदळ’, ‘तोफा’ लिहा. फासे, मोजपट्टी आणि हिरवी चादर लागेल. चादरीखाली जाड पुस्तकं सरकवली की टेकडी तयार. दिवाळीत किल्ला केलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. पहिल्या खेळात दोन्हीकडे दोन-दोन ब्रिगेड पुरेत. चौघांपैकी एकाला पंच करा. प्रशियाच्या सैन्याने १८२४ मध्ये अधिकाऱ्यांच्या सरावासाठी असाच खेळ स्वीकारला, त्यातही पंच असे. भांडणं निम्म्यावर येतात.

आमचा पुढचा बेत असईचा आहे. वॉटर्लूला नेपोलियनविरुद्ध लढलेला ब्रिटिश सेनापती वेलिंग्टन म्हणजे २३ सप्टेंबर १८०३ ला जालना जिल्ह्यातल्या असईला शिंदे-भोसल्यांशी लढलेला आर्थर वेलस्लीच. शिंद्यांची बाजू मी हट्टाने मागून घेतली आहे. त्यांच्याकडे शंभराच्या आसपास तोफा होत्या. टेबलावर दहा मांडायच्या ठरल्यात, त्यातल्या तीन रंगवून झाल्यात.