वाचक विचारतात: छतावर सोलर बसवलं, आता लोकांना सांगायचं कसं?

प्रश्न: नमस्कार ताई, भोसरी एमआयडीसीत आमची छोटी बेकरी आहे, माल पुण्यातल्या दुकानांत आणि हिंजवडीच्या दोनतीन कंपन्यांच्या कँटीनला जातो. यंदा शेडवर ३० किलोवॅटचं सोलर बसवलं, नेट मीटरपण (ग्रिडकडून घेतलेली आणि ग्रिडला दिलेली वीज मोजणारा) लागला. महिन्याला साधारण ६,००० युनिट वीज लागते, ओव्हन मात्र डिझेलवरच आहे. मुलगा म्हणतो पाकिटावर '१००% ग्रीन बेकरी' छापू. छापावं का?

उत्तर: दादा, आधी मनापासून अभिनंदन, बेकरीच्या धंद्यात एवढा पैसा छतावर घालायला हिंमत लागते. पण ते '१००% ग्रीन' अजिबात छापू नका. ओव्हन डिझेलवर आहे तोवर ते खरंच नाहीये, आणि ऑक्टोबर २०२४ पासून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची ग्रीनवॉशिंगविरुद्ध (म्हणजे पर्यावरणपूरक असल्याच्या खोट्या दाव्यांविरुद्ध) मार्गदर्शक तत्त्वं लागू आहेत, 'ग्रीन', 'इको-फ्रेंडली' असले शब्द पुराव्याशिवाय वापरता येत नाहीत.

तुमच्याकडे सांगण्यासारखा आकडा आहे ना, तोच सांगा! आपल्याकडे १ किलोवॅटमागे दिवसाला सरासरी ४ युनिट धरतात, म्हणजे तुमचे महिन्याला साडेतीन हजारांच्या आसपास, अर्ध्याहून जास्त वीज झाली की ही. जून ते सप्टेंबर ढगांमुळे उत्पादन पडतं, म्हणून एप्रिल-मेचा आकडा वर्षभर मिरवू नका, बारा महिन्यांची बेरीज इन्व्हर्टरच्या अ‍ॅपमधून घ्या (नुसत्या महावितरणच्या बिलावर जाऊ नका, त्यात ग्रिडला दिलेले युनिट दिसतात, तुम्ही दिवसा जागच्या जागी वापरलेले दिसत नाहीत). मग पाकिटावर साधं वाक्य टाका, 'आमच्या बेकरीची निम्म्याहून जास्त वीज छतावरच्या सोलरची, ओव्हन अजून डिझेलवर', शेजारी क्यूआर कोड, आणि त्यात महिन्यामहिन्याचे युनिट. डिझेलचं लिहायला मुलगा नको म्हणेल, तरी लिहाच, मला तर वाटतं त्या अर्ध्या वाक्यामुळेच गिऱ्हाईक उरलेल्यावर विश्वास ठेवेल.

आणि खरं सांगू का, तुमचा जास्त फायदा पाकिटावर नाहीच, तो हिंजवडीच्या कँटीनमध्ये आहे. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने २०२२-२३ पासून शेअर बाजारातल्या पहिल्या १,००० कंपन्यांना पर्यावरणाचा हिशोब देणारा बीआरएसआर अहवाल बंधनकारक केलाय, त्यामुळे मोठ्या कंपन्या आता सप्लायरलाही विजेचं, इंधनाचं विचारायला लागल्यात. त्यांच्या पर्चेसवाल्यांना एक पानी पत्र द्या, वर्षाचे सोलर युनिट, ग्रिडचे युनिट, डिझेलचे लिटर. कार्बन विचारला तर ग्रिडच्या विजेला युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरतात, म्हणजे तुमच्या वर्षाच्या ४२,००० युनिटचे २९ टनांच्या आसपास वाचले. रेट वाढवून मागायच्या आधी हे पत्र जाऊ द्या.

काउंटरवरच्या पोरांनाही एकदा शेडवर नेऊन पॅनेल दाखवा, गिऱ्हाईक पहिलं त्यांनाच विचारणार आहे.